वाग्दत्तांचें छायाचित्र

विवाह ठरलेल्या वधूवरांनीं शहरांत हिंडून छायाचित्रें काढवून घ्यावींत, या नव्या हौसेस आमची वडील मंडळी नाकें मुरडतात. मुंबईंत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालींच निघाली. परंतु विवाहापूर्वीं एकत्र उभें राहण्याची मोकळीक कोणास होती? मुलीच्या विवाहास चौदा वर्षांची मर्यादासुद्धां १९२९ च्या कायद्यानें पडली. आमच्या आजोबांचें लग्न त्याआधींचें. लग्नानंतरच्या त्यांच्या चित्रांत ते खुर्चीवर. आजी बाजूस उभी, दृष्टि जमिनीकडे. मागें पडद्यावर कुठला तरी विलायती बगीचा. तिला कोणीं कांहीं विचारलें असेलसें वाटत नाहीं. आतां पडदा गेला. १९२४ सालीं बांधून पुरी झालेली ‘गेटवे ऑफ इंडिया’ची कमान पाठीशीं आली. परवां पहांटे, गर्दी होण्यापूर्वीं, तेथें एक वाग्दत्त वधू कमानीच्या कोणत्या अंगास उभें राहावयाचें हें सांगत होती, आणि नियोजित वर मुकाट्यानें ऐकत होता.