शंभरातले बावीस रुपये

२०२३ च्या दिवाळीनंतर देवगाव फाट्यावर चुलतभाऊ मला एसटीत बसवून द्यायला आला होता. गाडी यायला वेळ होता म्हणून आम्ही चहा घेत बसलो. त्याने मोबाईल पुढे केला. रमीच्या एका ॲपमध्ये त्याने १०० रुपये भरले होते. पावतीत लिहिलं होतं: जमा ७८ रुपये १२ पैसे, जीएसटी २१ रुपये ८८ पैसे. त्याखाली हिरव्या अक्षरांत तेवढ्याच रकमेचा बोनस.

"दादा, हे बावीस रुपये गेले कुठं? अन् परत कसे आले?"

मला उत्तर माहीत होतं. पुण्यात मी अशाच एका कंपनीत काम करायचो, आणि तशी पावती बनवणारा कोड मी स्वतः लिहिला होता. "सरकारला गेले. कंपनीनं बोनस म्हणून भरून दिले," मी म्हणालो.

"म्हंजे आपलं काहीच गेलं नाही," तो खूश झाला.

मी गप्प बसलो. ते बावीस रुपये नंतर डोक्यातून गेले नाहीत. मग मी जुगार आणि सरकारी तिजोरी यांचा इतिहास वाचायला घेतला.

हे नातं फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगारावर देखरेख करणारा अधिकारी आहे, आणि जिंकलेल्या रकमेतले पाच टक्के राजाचे आहेत. आपल्याकडचा आजचा कायदा इंग्रजांचा, १८८७ चा. तेव्हा मुंबईच्या बाजारात पावसावर पैजा लागायच्या. ही पैज नव्या कायद्यातल्या जुगाराच्या व्याख्येत बसत नाही, असं हायकोर्टाने १८८९ मध्ये ठरवलं. सरकारने लगेच, १८९० मध्ये, कायदा बदलून पावसाची पैज गुन्ह्यात घातली. घोड्यांचं मात्र वेगळं झालं. १९१२ मध्ये रेसकोर्सला परवाने देणारा कायदा आला आणि १९२५ मध्ये घोड्यांवरच्या पैजेवर कर बसला. बाजारातल्या माणसाची पैज गुन्हा ठरली आणि साहेबांची पैज महसूल झाली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर आणला. आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा बंगळुरूला छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकातून चालायची, आणि मुंबई राज्यातूनही लोक तिच्यात पैसे लावायचे. १९५२ मध्ये कायदा बदलून तिलाही करात ओढलं. स्पर्धावाले म्हणाले, हा आमचा व्यापार आहे, त्याला राज्यघटनेचं संरक्षण हवं. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये सांगितलं की जुगार हा व्यापारच नाही, त्यामुळे ते संरक्षण नाही. कर मात्र वैध ठरला. म्हणजे धंदा म्हणून मान्यता नाही, पण वसुली चालेल.

पुढचा धागा आपल्या भागातल्या माणसाला ओळखीचा वाटेल, कारण तो कापसाचा आहे. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधून टेलिप्रिंटरवर मुंबईत कापसाचे उघडते आणि बंद भाव यायचे. लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तेव्हा आकडे मडक्यातून काढायला सुरुवात झाली. तोच मटका. १९६२ मध्ये कल्याणजी भगतचा आणि १९६४ मध्ये रतन खत्रीचा मटका सुरू झाला. पुढे हा आकडा गावोगावच्या टपऱ्यांवर पोहोचला.

त्याला तोड म्हणून आणि तिजोरीत भर म्हणून १२ एप्रिल १९६९ ला महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोक खेळणारच असतील तर पैसा सरकारकडे यावा, हा विचार चुकीचा वाटत नाही. पण गणित मांडून बघा. मटक्यात शून्य ते नऊपैकी एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला, तर साधारण नऊ रुपये मिळत. म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे मटकेवाल्याचे. लॉटरीत छपाई, विक्रेत्याचं कमिशन आणि सरकारचा वाटा हे सगळं बक्षिसातूनच वजा होतं. कायदेशीर खेळ जितका जास्त कर भरतो, तितकं त्याचं बक्षीस कमी होतं आणि चोरटा खेळ तितका आकर्षक होतो. कर कमी ठेवला तर सरकारला हाती काही लागत नाही. लॉटरी आली म्हणून मटका संपला नाही, याचं एक कारण हे गणित आहे.

कर किती हा वाद जीएसटीतही आला. डिसेंबर २०१९ मध्ये जीएसटी परिषदेत पहिल्यांदाच मतदान झालं, तेही लॉटरीच्या करावर. २१ विरुद्ध ७ मतांनी २८ टक्के हा एकच दर ठरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांनाही तोच दर लागला. आधी रमीच्या कंपन्या फक्त आपल्या फीवर १८ टक्के भरायच्या. समजा १०० रुपयांच्या डावात फी १० रुपये असेल, तर कर १ रुपया ८० पैसे. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के लागू लागले, म्हणजे खेळाडूने दिलेल्या शंभरातले जवळपास २२.

इतका कर बघून खेळणारा थांबेल, अशी अपेक्षा कुणी केली असेल तर ती माझ्या कोडने हाणून पाडली. बावीस रुपये गेल्याचं त्याला जाणवू नये, यासाठीच तो हिरवा बोनस होता. सरकारला कर मिळाला, कंपनीला गिऱ्हाईक टिकल्याचं समाधान, मला पगार. खेळणाऱ्याला वाटलं, काहीच गेलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. आमची टीम महिनाभरात संपली. लॉटरी, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यती चालू राहिल्या. २२ सप्टेंबरपासून त्यांच्यावरचा कर ४० टक्के झाला. १९२५ ची आठवण झाली.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा भावाने नवी लिंक दाखवली. तिच्यात जीएसटी नव्हता आणि पावतीही नव्हती. यावेळी मी गप्प बसलो नाही. तो कोड मी लिहिला होता, हे त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग त्याची वही मागितली. तिच्यात बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळं तारखेवार होतं. ॲपचा एकही रुपया नव्हता. जुगारातून तिजोरीत किती आले हे सरकारच्या हिशेबात असतं. घरातून किती गेले हे घराच्या हिशेबातही नसतं. आम्ही बँकेचे मेसेज काढून दोन वर्षांचा हिशेब मांडला. आलेले वजा करून गेलेले ६१,४०० रुपये निघाले.

त्याने तो आकडा वेचणीच्या मजुरीखाली स्वतःच्या हाताने लिहिला. मग मोबाईल घेतला आणि ती लिंक पुसून टाकली. पुन्हा उघडणार नाही असं तो म्हणाला नाही, आणि मीही वचन मागितलं नाही.