कुजबुजीला दप्तर नसतं : ट्यूडर दरबार आणि ऐतिहासिक कादंबरी

इतिहासाची साधनं म्हटलं की आपल्याला पत्रं, हिशेबाच्या वह्या, शिलालेख, नकाशे आठवतात. आज आपण जरा वेगळ्या वाटेने जाणार आहोत. विषय आहे इंग्लंडच्या राजदरबारावर लिहिलेल्या कादंबऱ्या, आणि त्यातही मुख्यतः आठव्या हेन्रीचा दरबार. हा हेन्री १५०९ ते १५४७ असा जवळपास अडतीस वर्षं गादीवर होता. सहा लग्नं, त्यातल्या दोन राण्यांचा शिरच्छेद, आणि रोमच्या पोपशी कायमचा काडीमोड. कादंबरीकाराला आणखी काय पाहिजे?

पण आम्हाला आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. ज्या माणसाचं दरबाराने ऐकून घेतलं नाही, त्याच्या वतीने चार-पाचशे वर्षांनी कादंबरीकार बोलायला उभा राहतो. तेव्हा तो त्या माणसाला न्याय देतो, की तीच शिक्षा पुन्हा एकदा सुनावतो?

आधी दरबार म्हणजे काय ते पाहू. दरबार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिंहासन, मानकऱ्यांच्या रांगा, चोपदार असं चित्र येतं. ट्यूडर दरबार समजून घ्यायचा तर सिंहासन बाजूला ठेवा आणि दारं मोजा. हॅम्प्टन कोर्टसारख्या राजवाड्यात आधी भलंमोठं सभागृह, मग पहारेकऱ्यांची खोली, मग राजाच्या भेटीचं दालन, आणि त्याच्याही पलीकडे राजाच्या खासगी खोल्या. प्रत्येक दाराशी माणसं गळत जायची. शेवटच्या दाराच्या आत ज्याला जाता येई, त्याचा शब्द चाले. म्हणून तर १५२६ साली कार्डिनल वूल्झीने एल्टम इथे दरबाराची जी नियमावली काढली, तिच्यात राजाच्या खासगी खोलीत कोणी आणि किती जणांनी असावं हेही ठरवून टाकलं.

त्या खोलीतल्या सेवकांत सर्वांत मोठा मान कुणाचा? राजा शौचाला बसला की हजर राहणाऱ्या सेवकाचा. हसू येईल, पण या पदासाठी खानदानी माणसं धडपडत असत. राजा एकटा कधी सापडेल, त्याचा मूड कसा आहे, कुणाचा अर्ज आज पुढे करावा, हे सगळं त्या माणसाला ठाऊक. १५३६ साली या जागेवर हेन्री नॉरिस नावाचे सरदार होते. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

आता याचा परिणाम बघा. जिथे राज्यकारभार शय्यागृहाच्या दाराशी चालतो, तिथे कुजबुज हेच राजकारण होतं. आणि कुजबुजीला दप्तर नसतं. कुणाला किती मेणबत्त्या आणि किती सरपण मिळालं याची नोंद सापडते, पण राजा त्या रात्री काय बोलला याची सापडत नाही. कादंबरी शिरते ती नेमकी या फटीतून.

एक जुनं उदाहरण घेऊ. सर वॉल्टर स्कॉट यांची ‘केनिलवर्थ’ ही कादंबरी १८२१ सालची. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी रुजत होती तेव्हा लेखकांपुढे स्कॉटचा आदर्श होता, म्हणून हे उदाहरण आपल्याला तसं परकं नाही. काळ हेन्रीच्या मुलीचा, पहिल्या एलिझाबेथ राणीचा. तिचा लाडका सरदार रॉबर्ट डडली. त्याची बायको एमी रॉब्सार्ट ८ सप्टेंबर १५६० रोजी ऑक्सफर्डजवळच्या कम्नर प्लेस या वाड्यात जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडली. चौकशी झाली, पंचांनी अपघात म्हणून निकाल दिला. पण लोक म्हणू लागले, राणीशी लग्न करता यावं म्हणून नवऱ्यानेच काटा काढला. राणीने त्याच्याशी लग्न केलं नाहीच, आणि संशय मात्र डडलीला जन्मभर चिकटला.

स्कॉटने काय केलं? १५७५ साली केनिलवर्थच्या किल्ल्यात डडलीने राणीसाठी मोठा सोहळा केला होता. त्या सोहळ्यात स्कॉटने एमीला आणून उभं केलं. बिचारीला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती! डडलीचं लग्नही त्याने चोरून झालेलं दाखवलं. प्रत्यक्षात ते १५५० साली झालं, आणि तेव्हाचा राजा सहावा एडवर्ड लग्नाला हजर होता. कादंबरीत एमीचा घात होतो, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या मनात तीच एमी राहिली. त्या चौकशीचा मूळ अहवाल या शतकात इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला. डोक्यावर दोन जखमा, मान मोडलेली, आणि निष्कर्ष अपघाताचाच. तेवढ्याने खुनाची शंका संपली का? नाही. अभ्यासक आजही वाद घालतात. पण तो वाद निदान कागदावर बोट ठेवून चालतो.

आता हेन्रीच्या दरबाराकडे परत येऊ. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात एका शेकोटीच्या दोन बाजूंना दोन चित्रं टांगलेली असतात. दोन्ही हान्स होल्बाइनने काढलेली. एक सर थॉमस मोर यांचं, दुसरं थॉमस क्रॉमवेलचं. मोर हे हेन्रीचे चॅन्सेलर. राजाला चर्चचा प्रमुख मानायला तयार झाले नाहीत म्हणून १५३५ साली त्यांचं डोकं उडवलं गेलं, आणि १९३५ साली रोमने त्यांना संत ठरवलं. क्रॉमवेल पटनी गावच्या एका लोहारकाम आणि दारू गाळण्याचा धंदा करणाऱ्याचा मुलगा. पुढे तोच राजाचा सर्वेसर्वा कारभारी झाला, आणि १५४० साली त्याचंही डोकं उडालं.

गंमत अशी की साधनं बहुतेक तीच, पण दोन लेखकांनी दोन टोकं गाठली. रॉबर्ट बोल्ट यांच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ या १९६० सालच्या नाटकात मोर म्हणजे सद्‌सद्विवेकाचा पुतळा आणि क्रॉमवेल कपटी. हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ २००९ साली आली आणि पारडं फिरलं. तिच्यातला क्रॉमवेल घरच्यांवर माया करणारा, सोसलेला, हिशेबी माणूस. मोर मात्र पाखंडी ठरवलेल्यांच्या मागे हात धुऊन लागलेले. यातलं खोटं कोणतं? सरसकट कोणतंच नाही. मोर चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी म्हणून जिवंत जाळलं गेलं, ही नोंद आहे. त्यांनी स्वतः मृत्यू पत्करून राजाला नकार दिला, हीही नोंदच. बोल्टनी एक कागद उजेडात धरला, मँटेलबाईंनी दुसरा.

पण खरी कसोटी आहे मे १५३६ची. राणी अ‍ॅन बोलिनला २ मे रोजी अटक झाली. आरोप असा की तिचे पाच पुरुषांशी संबंध होते, त्यांतला एक तिचा सख्खा भाऊ जॉर्ज. बाकीचे चौघे म्हणजे आपले हेन्री नॉरिस, फ्रान्सिस वेस्टन, विल्यम ब्रेरटन आणि मार्क स्मीटन नावाचा एक वादक. शिवाय राजाच्या जिवावर उठल्याचा आरोप. खटल्यात राणीच्या सख्ख्या मामाने, ड्यूक ऑफ नॉरफकने, निकाल सुनावला. १७ तारखेला पाचही पुरुष गेले, १९ तारखेला राणी. ३० मे रोजी हेन्रीने जेन सीमोरशी लग्न केलं. अटकेपासून लग्नापर्यंत चार आठवडे!

आरोपपत्र आजही उपलब्ध आहे. त्यात दिवस आणि ठिकाणं दिली आहेत. उदाहरणार्थ, ६ ऑक्टोबर १५३३ रोजी वेस्टमिन्स्टरमध्ये राणीने नॉरिसला संबंधासाठी फूस लावली. आता एलिझाबेथचा जन्म ७ सप्टेंबर १५३३चा. म्हणजे राणी ग्रेनिचच्या राजवाड्यात बाळंतिणीच्या खोलीत होती, महिनासुद्धा झालेला नव्हता. अ‍ॅनचे चरित्रकार एरिक आइव्ज यांनी एकेक तारीख तपासली. त्यांच्या मते त्यांतले तीन चतुर्थांश आरोप आजही खोटे ठरवता येतात, कारण राणी किंवा तो पुरुष तिथे नव्हताच. जॉर्ज बर्नार्ड यांच्यासारखे अभ्यासक मात्र म्हणतात की राणी काही बाबतीत दोषी असू शकेल. पण बहुतेकांचा कौल तिच्या बाजूने आहे.

मग राणीचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे? ते बहुतांशी टॉवरच्या किल्लेदाराच्या, विल्यम किंग्स्टनच्या पत्रांत आहे. तिच्याभोवती ठेवलेल्या बायकांनी तिचं बोलणं टिपायचं, किंग्स्टनने ते क्रॉमवेलला कळवायचं. म्हणजे तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो तिच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या तोंडून. त्यातच १७३१च्या आगीत ही पत्रं होरपळली. आणि क्रॉमवेलचं काय? १५४० साली अटकेत त्याची कागदपत्रं जप्त झाली. त्याला आलेली पत्रं ढिगाने आहेत, त्याने पाठवलेल्या पत्रांच्या नकला फारशा नाहीत. डायरमेड मॅककुलक यांचा तर्क असा की अटकेची बातमी येताच घरच्या माणसांनीच त्या नष्ट केल्या असाव्यात. म्हणजे जग क्रॉमवेलशी काय बोललं ते कळतं, क्रॉमवेल काय बोलला ते फार थोडं कळतं.

या शांततेत मँटेलबाईंनी काय भरलं ते बघा. वूल्झी पडल्यावर, १५३१च्या सुरुवातीला, कार्डिनल नरकात जातो असं एक प्रहसन अ‍ॅनच्या वडिलांच्या मेजवानीत झालं, असं सम्राटाचा वकील यूस्टास शाप्वी याने लिहून ठेवलं आहे. त्यात सोंगं कुणी घेतली, ते त्याने लिहिलेलं नाही. मँटेलबाईंनी ती नावं दिली : नॉरिस, वेस्टन, ब्रेरटन आणि जॉर्ज बोलिन. वूल्झी हा क्रॉमवेलचा जुना धनी. मग ‘ब्रिंग अप द बॉडीज’मध्ये क्रॉमवेल याच चौघांना निवडतो. राणीच्या बाबतीत ते दोषी आहेत का, हा त्याच्यापुढे प्रश्नच नाही. तो जुना हिशेब चुकता करतो आहे. हे प्रहसन खरं, नटांची नावं कल्पित. पण त्या कल्पनेमुळे मृतांवर नवा डाग पडला नाही. निरपराध माणसं कशी निवडली जातात, ते दिसलं.

उलट फिलिपा ग्रेगरी यांची ‘द अदर बोलिन गर्ल’ घ्या, २००१ सालची, खूप खपलेली. तिच्यात मुलगा व्हावा म्हणून अ‍ॅन भावाकडे वळली असावी, असं वाचकाला वाटत राहील अशी मांडणी आहे. म्हणजे ज्या आरोपाखाली दोघांना मारलं, तोच आरोप पुन्हा शाबीत. फरक एवढाच, की या वेळी दरबार नव्हे, लाखो वाचक पंच म्हणून बसले.

आणि स्मीटन? पाचांत कबुली देणारा तो एकटाच. बाकी सगळे सरदार, हा गरिबाघरचा वाजवणारा पोरगा. त्याचा छळ झाला का याच्या फक्त वदंता आहेत. मँटेलबाई त्याला मारहाण दाखवत नाहीत. नाताळच्या सजावटीचं सामान ठेवलेल्या अंधाऱ्या खोलीत त्याला रात्रभर कोंडतात, आणि सकाळी तो हवं ते बोलायला तयार असतो. हे असंच घडलं असं कुणीच म्हणणार नाही. पण धाक घालून घेतलेली कबुली म्हणजे काय, ते कळायला तेवढं पुरतं.

एक चिठ्ठी आली आहे : ‘मग अशा कादंबऱ्या वाचाव्यात की नाही?’ जरूर वाचाव्यात. आपल्याला हा प्रश्न काही नवा नाही. ‘ध चा मा’ आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. ते पत्र आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, पण आनंदीबाईंवरचा ठपका वाक्प्रचार होऊन आपल्या जिभेवर बसला आहे. राजवाड्यातल्या बाईवर ठपका ठेवणं इंग्लंडात सोपं होतं, तसं पुण्यातही होतं.

म्हणून आमची विनंती एवढीच. दरबाराची कादंबरी वाचताना एखादा प्रसंग फार भावला, तर पान उलटण्याआधी थांबा आणि विचारा : यामागे कागद आहे का? असेल, तर तो कुणी लिहिला आणि कुणासाठी? नसेल, तर लेखकाने ती रिकामी जागा कुणाच्या बाजूने भरली? अ‍ॅनचा खटला एका दिवसात उरकला. आपल्याला तेवढी घाई नाही. सवडीने वाचू.