घाटात कोंडलेला श्वास

गेल्या वर्षीची भाऊबीज डोंबिवलीला धाकट्या बहिणीकडे झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकला परत निघालो. मोटारीत सौभाग्यवती, दोन मुले, चकल्यांचा डबा आणि बहिणीने आग्रहाने दिलेले अनारसे. शहापूर मागे पडेपर्यंत सारे ठीक होते. कसारा घाट लागला आणि आमची बारा वर्षांची पेट्रोलची गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. पाय तळाला टेकवला तरी काटा पुढे सरकेना. मुंबईला कांदा उतरवून रिकामे परतणारे ट्रक भोंगे वाजवीत खुशाल पुढे गेले. पलीकडे थळ घाटात रेल्वेला सदतिसास एक असा चढ आहे. तेथे आगगाडीला मागून रेटायला जादा इंजिने जोडतात. १८६५ साली ती वाट खुली झाली. आम्हाला रेटायला कोण येणार?

त्यातच गाडीत सडक्या अंड्यासारखी घाण सुटली. मुलांनी एकमेकांवर संशय घेतला. सौ. म्हणाली, "पायाखालची पत्री तापलीय हो!" आम्ही कसेबसे इगतपुरी गाठले आणि रात्री उशिरा घरी पोहोचलो.

नाशिकमध्ये एका गॅरेजवाल्याने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि भले थोरले बिल हातात ठेवले. गाडी होती तशीच. शेवटी द्वारकेजवळच्या एका शेडमध्ये गेलो. तेथला मिस्त्री माझा जुना विद्यार्थी निघाला. शाळेत असताना सनावळ्या त्याला कधी पाठ झाल्या नाहीत. पण त्या दिवशी त्याने मलाच धडा दिला.

त्याने आधी पान्याला हात लावला नाही. "सर, हे कधीपासून?" एवढेच विचारले. मग गाडी चालू करून मागच्या नळीपाशी तळहात धरला. "बघा, फुंकर किती दुबळी लागते." गाडीखाली सरकून त्याने एका फुगीर डब्यावर रबरी हातोडी मारली, आत खुळखुळ वाजले. इंजिन थंड झाल्यावर त्याने त्या डब्यापुढचा ऑक्सिजन सेन्सर काढला आणि त्या भोकात दाब मोजणारा काटा बसवला. गाडी नुसती उभी राहून चालते तेव्हा हा दाब पौंडभराच्या आसपास असावा, आणि मिनिटाला अडीच हजार फेरे दिले तरी तीन पौंडांच्या आत राहावा. आमचा काटा आठाच्या पुढे चढला! मग काटा काढून, भोक तसेच उघडे ठेवून त्याने गाडी एक फेरी फिरवून आणली. आवाज भसाभसा झाला खरा, पण हरवलेला पिकअप बराचसा परत आला.

"कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय, सर. इंजिनाला श्वास घेता येतोय, सोडता येत नाही. जुना धूर बाहेर गेला नाही तर नवी हवा आत येणार कुठून?"

"मग हा डबा बदलू या," मी म्हणालो.

तो हसला. "सर, तुम्हीच शिकवलंत ना? काडतुसं हे सत्तावन्नचं तात्कालिक कारण. मूळ कारण वेगळं असतं."

मूळ कारण त्याने अर्ध्या तासात दाखवले. तिसऱ्या सिलिंडरची कॉईल मेली होती. गणपतीपासून गाडी मिसिंग करीत होती, हे मला ठाऊक होते; दिवाळीनंतर पाहू म्हणून मी चालढकल केली होती. त्या सिलिंडरातले न जळलेले पेट्रोल महिनोन् महिने त्या डब्यात जाऊन पेटत होते. आतल्या चिनी मातीच्या पोळ्याने ती आग सोसली, आणि शेवटी ते वितळून त्याची भोके बुजली. गुन्हा माझा, शिक्षा त्याला!

या पोळ्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तेथेही तेच आढळले. दुसऱ्याचे पाप या यंत्राच्या माथी पहिल्यापासूनच आले आहे.

१९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाने पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून पाहिले. इंजिनाची ठकठक थांबली, जोर वाढला. शिसे विषारी आहे हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. १९२४ साली न्यू जर्सीतील ते संयुग बनविणाऱ्या एका कारखान्यात कामगारांना वेडाचे झटके आले आणि पाच जण दगावले. चार दिवस गाजावाजा झाला. मग सारे जग तेच पेट्रोल जाळू लागले.

पुढे यूजीन हूद्री नावाचा फ्रेंच अभियंता अमेरिकेत स्थायिक झाला. खनिज तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची त्याची उत्प्रेरक रीत आधीच नावाजली होती. लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरक्याच्या बातम्या वाचून या गृहस्थाला चैन पडेना. ज्याने पेट्रोल दिले त्यानेच त्याचा धूर धुण्याचे यंत्र काढले, आणि १९५६ साली त्याचे पेटंट त्याला मिळाले. धूर पोळ्याच्या बारीक छिद्रांतून जातो. छिद्रांना प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा हात फिरवलेला असतो. त्यांच्या संगतीत विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेले पेट्रोल जळून जाते. नायट्रोजनच्या विषारी वायूंचा पुन्हा साधा नायट्रोजन करण्याची किमया मागाहून साधली.

पण यंत्र मोटारीत बसेना, कारण पेट्रोलमधले शिसे त्या धातूंवर चढून त्यांना निकामी करी. हूद्री १९६२ साली वारला. आपले यंत्र रस्त्यावर धावलेले त्याने पाहिले नाही. १९७० साली अमेरिकेत हवेचा कडक कायदा झाला आणि १९७५ च्या मोटारींना हा डबा आला. त्यासाठी पंपावर बिनशिशाचे पेट्रोल ठेवणे भाग पडले. गंमत पाहा. ते पेट्रोल प्रथम आले ते मुख्यतः यंत्र जगावे म्हणून! पण १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातले शिसे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरले. मुलांसाठी जे घडायला हवे होते, ते एका डब्याच्या निमित्ताने घडून गेले.

आपल्याकडे वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दिल्लीतील वाहनांच्या धुराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला, आणि तेथे बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. शिसे साऱ्या देशातून हटायला २००० सालचा फेब्रुवारी उजाडला. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली थांबले. मिजलीच्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षे होत होती.

हे सारे मी नंतर वाचले. त्या दिवशी शेडमध्ये मात्र माझ्यापुढे हिशेब होता तो पैशांचा. नव्या डब्याची किंमत ऐकून माझ्याच छातीत दाब चढला. विद्यार्थी संकोचून म्हणाला, "स्वस्तातला मार्ग आहे, सर. आतलं पोळं फोडून काढतात आणि रिकामा डबा परत बसवतात. कायद्याला मान्य नाही. पण पुष्कळ जण करतात. गाडी पळेल."

खोटे कशाला सांगू? मी 'हो' म्हणणारच होतो. सौ. इतका वेळ स्टुलावर गप्प बसली होती. तिने विचारले, "आणि मग तो धूर कुठे जाईल?"

साधा प्रश्न. पण मला आमच्या शाळेचे फाटक दिसले. सुटीची घंटा झाली की मुले फाटकाशी गर्दी करतात, आणि मी गाडी चालू करतो तेव्हा धाकट्या वर्गातल्यांची नाके मोठ्यांच्या नाकांपेक्षा त्या नळीच्या जवळ असतात.

आम्ही कॉईल आधी बदलली, मग डबा. उन्हाळ्यात नवा सोफा घ्यायचा होता, तो राहिला. मेमध्ये पुन्हा मुंबईला गेलो आणि येताना कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो.

यंदा आठवीला सत्तावन्न शिकवताना तात्कालिक कारण आणि मूळ कारण हा भेद आला, तेव्हा मी काडतुसांच्या आधी आमच्या गाडीची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, कॉईल खराब आहे हे गणपतीतच कळलं होतं, तर तुम्ही थांबलात का?"

मी त्याला शाबासकी दिली. उत्तर मात्र देता आले नाही.