अमेरिकन क्वार्टर्ली

अमेरिकन क्वार्टर्ली हे अमेरिकी अध्ययन या ज्ञानशाखेतील इंग्रजी त्रैमासिक असून ते अमेरिकन स्टडीज असोसिएशन या संघटनेचे मुखपत्र आहे. इ.स. १९४९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून त्याचा आरंभ झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्रकाशनसंस्था ते मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा चार अंकांत प्रसिद्ध करते. आलेला लेख त्याच विषयातील अभ्यासकांकडून तपासून घेतल्यावरच छापला जातो. अमेरिकी अध्ययनाची पद्धत कोणती, त्याचा विषय कोणता आणि त्याचे नाव तरी योग्य आहे का, हे या शाखेतील मूलभूत वाद बव्हंशी याच त्रैमासिकाच्या पानांवर लढले गेले. त्यामुळे त्याचे जुने अंक म्हणजे या ज्ञानशाखेचा इतिहासच होय.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी विद्यापीठांत साहित्याचे अध्यापन म्हणजे मुख्यतः इंग्लंडच्या साहित्याचे अध्यापन असे. ड्यूक विद्यापीठातून १९२९ मध्ये अमेरिकन लिटरेचर हे नियतकालिक निघाले, तेव्हा अमेरिकी वाङ्मयाला अभ्यासविषय म्हणून स्वतंत्र स्थान मिळू लागले होते. साहित्य आणि इतिहास एकत्र शिकवणारे अभ्यासक्रम १९३० च्या दशकात सुरू झाले. हार्वर्ड विद्यापीठातून अमेरिकी संस्कृतीच्या इतिहासात पहिली डॉक्टरेट मिळवणारे हेन्री नॅश स्मिथ पुढे मिनेसोटात अध्यापक झाले. त्रैमासिक सुरू झाले तेव्हा ते तेथेच होते. दुसऱ्या महायुद्धातील विजय आणि त्यापाठोपाठ आलेले शीतयुद्ध यांमुळे 'अमेरिकी संस्कृती म्हणजे नेमके काय' या प्रश्नाला विद्यापीठांबाहेरही मोल आले होते.

स्थापना आणि स्थलांतरे

पहिले संपादक विल्यम व्हॅन ओकॉनर हे साहित्यसमीक्षक होते. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, त्रैमासिक फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी अमेरिकन स्टडीज असोसिएशनची स्थापना झाली आणि त्रैमासिक व संघटना यांचे नाते जुळले. पेनसिल्व्हेनियातील वास्तव्य अनेक दशकांचे ठरले. त्यानंतर संपादकीय कार्यालय वॉशिंग्टन परिसर, लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि २०१४ पासून हवाई विद्यापीठाचा मानोआ परिसर असे फिरत राहिले. त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला तेव्हा हवाई हे संयुक्त संस्थानांचे राज्यही नव्हते. ते १९५९ मध्ये झाले.

पद्धतीचा वाद

आरंभीच्या दोन दशकांत ज्या विचारसरणीचे वर्चस्व होते तिला 'मिथक आणि प्रतीक' संप्रदाय म्हणतात. स्मिथ यांचा व्हर्जिन लँड (१९५०), आर. डब्ल्यू. बी. लुईस यांचा द अमेरिकन ॲडम (१९५५) आणि लिओ मार्क्स यांचा द मशीन इन द गार्डन (१९६४) हे तिचे प्रमुख ग्रंथ. पश्चिमेकडील अस्पर्श भूमी, निष्पाप नवा माणूस, निसर्गात घुसलेले यंत्र अशा प्रतिमांतून साऱ्या राष्ट्राचे मन वाचता येते, असे या संप्रदायाचे गृहीतक होते.

स्वतः स्मिथ मात्र या बाबतीत सावध होते. 'अमेरिकी अध्ययनाला स्वतःची पद्धत घडवता येईल काय?' असा प्रश्न त्यांनी १९५७ मध्ये याच त्रैमासिकातील लेखाच्या शीर्षकातच विचारला. समीक्षक कलाकृतीचे वेगळेपण पाहतात आणि समाज विसरतात. समाजशास्त्रज्ञ समाज पाहतात आणि कलाकृतीचे मूल्य विसरतात, ही अडचण त्यांनी मार्क ट्वेनच्या उदाहरणाने मांडली. तयार पद्धत कोठेही नाही, ती काम करता करताच घडवावी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पंधरा वर्षांनी, १९७२ मध्ये, ब्रूस कुक्लिक यांनी या संप्रदायावर घाव घातला. काही थोड्या श्रेष्ठ कादंबऱ्या वाचून लक्षावधी सामान्य माणसांच्या मनात काय होते हे कसे ठरवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. एखादी प्रतिमा पुस्तकात आहे म्हणून ती लोकांच्या डोक्यातही होती, असे मानण्यास पुरावा लागतो, आणि तो कोणी दिलेला नव्हता. हा लेख आजही या विषयाच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो. कुक्लिक पुढे याच त्रैमासिकाचे संपादक झाले, ही गोष्ट त्याच्या स्वभावाविषयी पुरेसे सांगते. १९७९ मध्ये जीन वाइज यांचा 'पॅराडाइम ड्रामाज' हा दीर्घ लेख आला. त्यात या ज्ञानशाखेचा इतिहास काही निवडक, नाट्यमय प्रसंगांच्या आधारे सांगितला होता.

स्त्रीइतिहास आणि वाङ्मयसमीक्षा

त्रैमासिकाच्या परिघाबाहेर सर्वाधिक पोहोचलेला लेख बहुधा बार्बरा वेल्टर यांचा 'द कल्ट ऑफ ट्रू वुमनहूड' (१९६६) हा असावा. वेल्टर यांनी १८२० ते १८६० या काळातील स्त्रियांची मासिके, भेटपुस्तके, धार्मिक लेखन यांसारखे साहित्य वाचले. विद्वानांनी आजवर क्षुल्लक मानलेल्या या छपाईतून त्यांनी 'खऱ्या स्त्री'चे चार गुण काढले: धर्मनिष्ठा, शुचिता, आज्ञाधारकता आणि गृहदक्षता. अमेरिकेतील स्त्रीइतिहासाच्या अभ्यासाला या लेखाने एक आरंभबिंदू दिला. त्यावर आलेले आक्षेपही महत्त्वाचे आहेत. उपदेशपर साहित्य स्त्रियांनी कसे वागावे हे सांगते, त्या प्रत्यक्ष कशा वागत होत्या हे सांगत नाही. शिवाय हा आदर्श गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतला होता. गुलामगिरीतील किंवा गिरणीत राबणाऱ्या स्त्रीला तो कधी लागूच नव्हता.

लिंडा कर्बर यांचा 'प्रजासत्ताकाची माता' या संकल्पनेवरील लेख १९७६ मध्ये आला. नव्या प्रजासत्ताकात स्त्रीला मताधिकार नव्हता. सद्गुणी नागरिक वाढवणे हेच तिचे राजकीय कार्य ठरवले गेले, असे त्यांनी दाखवले. नीना बेम यांनी १९८१ मध्ये अमेरिकी कादंबरीच्या रूढ सिद्धांतांवरच बोट ठेवले. समाजापासून दूर पळणारा एकाकी पुरुष हेच 'अमेरिकी' कथानक असे एकदा ठरवले, की लेखिका आपोआप बाद होतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकोणिसाव्या शतकात लेखिकांच्या कादंबऱ्या फार मोठ्या प्रमाणावर खपत होत्या, हे लक्षात घेतल्यास या युक्तिवादाचे वजन कळते.

'अमेरिका' कोणती?

संघटनेच्या अध्यक्षांचे वार्षिक भाषण त्रैमासिकात छापण्याची प्रथा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या भाषणांनी ज्ञानशाखेच्या सीमाच वादात आणल्या. मेरी हेलन वॉशिंग्टन यांनी आफ्रिकी-अमेरिकी अध्ययन केंद्रस्थानी ठेवले तर या शाखेचे काय होईल, असा प्रश्न मांडला (भाषण १९९७, प्रसिद्धी १९९८). पुढच्या वर्षी जॅनिस रॅडवे यांनी थेट संघटनेच्या नावावर आक्षेप घेतला. 'अमेरिका' हे एका खंडसमूहाचे नाव असताना ते एकाच राष्ट्राने स्वतःकडे घेणे हेही साम्राज्याचेच लक्षण आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. काही पर्यायी नावांचाही त्यांनी विचार केला. नाव बदलले नाही. प्रश्न मात्र टिकला. मराठीतही रोजच्या व्यवहारात 'अमेरिका' म्हणजे संयुक्त संस्थानेच, त्यामुळे मेक्सिको किंवा ब्राझीलच्या वाचकाला बोचणारी ही गोष्ट मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

एमी कॅप्लन यांनी २००३ च्या भाषणात साम्राज्याचा प्रश्न समकालीन संदर्भात मांडला, तेव्हा इराकमध्ये अमेरिकी सैन्य उतरलेले होते. शेली फिशर फिश्किन यांनी २००४ मध्ये राष्ट्रसीमा ओलांडणाऱ्या अभ्यासाचा पुरस्कार केला. अन्य देशांतील आणि अन्य भाषांतील अभ्यासकांचे काम संयुक्त संस्थानांतील अभ्यासकांनी वाचले पाहिजे, हा त्यातील आग्रहाचा मुद्दा होता. याच सुमारास विशेषांकांची परंपरा दृढ झाली. लॉस एंजेलिस आणि शहरी संस्कृती (२००४), कायद्याचे सीमाप्रदेश (२००५), तंत्रज्ञान (२००६) आणि ध्वनी (२०११) हे त्यांतील काही विषय.

टीका

राष्ट्रगौरवाच्या वातावरणात जन्मलेले हे त्रैमासिक आता आपल्याच विषयावर उठले आहे, ही तक्रार जुन्या पिढीतील काही अभ्यासकांनी केली. उलट बाजूने असे म्हटले जाते की राष्ट्रसीमा ओलांडण्याची भाषा करूनही लेखन इंग्रजीतच आणि बहुतांशी संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांतूनच येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्याला उत्तर देणे संपादकांच्या एकट्याच्या हातात नाही.

इतर नियतकालिके

ब्रिटनमध्ये ब्रिटिश असोसिएशन फॉर अमेरिकन स्टडीज ही संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली. जर्नल ऑफ अमेरिकन स्टडीज हे तिचे नियतकालिक १९६७ पासून केंब्रिज विद्यापीठाकडून निघते. जर्मनीत १९५६ मध्ये सुरू झालेले वार्षिक पुढे अमेरिकास्टुडियन या नावाचे नियतकालिक झाले. अमेरिकन लिटररी हिस्टरी (१९८९) मुख्यतः वाङ्मयेतिहासाला वाहिलेले आहे. युरोपियन जर्नल ऑफ अमेरिकन स्टडीज (२००६) आणि जर्नल ऑफ ट्रान्सनॅशनल अमेरिकन स्टडीज (२००९) ही दोन्ही आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात.

भारतात या विषयाचे केंद्र हैदराबाद होते. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरचे ग्रंथालय संशोधकांचे मोठे आश्रयस्थान बनले. केंद्राने इंडियन जर्नल ऑफ अमेरिकन स्टडीज हे नियतकालिक चालवले. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकी निधी आटला, आणि केंद्राचे नावही बदलून इंडो-अमेरिकन सेंटर फॉर इंटरनॅशनल स्टडीज असे झाले.