जंताच्या गोळीचं कूळ

फेब्रुवारीच्या दहा तारखेला जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई समोर उभ्या राहून मुलांना जी गोळी चावून खायला लावतात, ती मूळची मेंढरांची. अल्बेंडाझोल १९७२च्या सुमारास अमेरिकेत स्मिथक्लाइन कंपनीच्या जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. माणसांच्या वाट्याला ते आलं दहाएक वर्षांनी. या औषधामुळे जंताला साखर शोषता येत नाही. भरल्या पोटात तो उपाशी मरतो.

गोळीचे पूर्वज मात्र आपल्या फडताळात सापडतात. चरकसंहितेत वीस प्रकारचे कृमी सांगितलेत आणि उपाय तीन: कृमी ओढून काढणं, तो ज्यावर पोसतो ती पोटातली स्थिती मोडणं, आणि मुळात कारण टाळणं. पहिले दोन घरोघरी रुजले. तान्ह्याच्या पाण्यात वावडिंग, मोठ्यांना पळसपापडी, किरमाणी ओवा. याच किरमाणी ओव्याच्या जातीतून युरोपात १८३०मध्ये सँटोनिन वेगळं काढलं गेलं. ते घेतलेल्या पोराला काही काळ सगळं पिवळं दिसे, आणि वर एरंडेल. तिसऱ्या उपायाचं काय झालं, ते पुढे येईलच.

साध्या ओव्याची गोष्ट याहून रंगतदार आहे. ओव्याचं फूल म्हणून दुकानात मिळतं ते थायमॉल. तुरिनचे डॉक्टर कामिल्लो बोझोलो यांनी १८७९च्या सुमारास ते अंकुशकृमीवर वापरलं. त्याच दिवसांत आल्प्समध्ये गोटहार्डचा बोगदा खणणारे मजूर याच कृमीने रक्तक्षय होऊन पांढरेफटक पडत होते. हा कृमी शरीरात शिरतो कुठून, हे कैरोत आर्थर लोस यांना अपघाताने कळलं: अळ्यांचं पाणी हातावर सांडलं आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंडी दिसली. कातडीतून! म्हणजे अनवाणी पाय आणि उघड्यावरचं शौच, एवढं त्याला पुरतं.

१९०९मध्ये धनाढ्य उद्योगपती रॉकफेलरने अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या कृमीविरुद्ध मोहीम काढली, दहा लाख डॉलर देऊन. खेड्यांतल्या तपासलेल्या मुलांपैकी जवळपास ४० टक्क्यांच्या पोटात तो निघाला. औषध थायमॉल; आधी आणि नंतर जुलाबाचं मीठ. तेलतूप आणि दारू सक्त वर्ज्य, कारण त्यात विरघळून थायमॉल अंगात भिनलं तर रोगीच दगावायचा. आणि हे थायमॉल पहिल्या महायुद्धापर्यंत मुख्यतः जर्मनीत बनायचं, हिंदुस्थानातून गेलेल्या ओव्यापासून! कच्चा माल आपला, कारखाना त्यांचा, ही त्या काळाची रीतच होती. युद्धानंतर रॉकफेलरची माणसं मद्रास इलाख्यात अंकुशकृमीच्या कामाला आली, आणि १९२१मध्ये कार्बन टेट्राक्लोराइड पुढे आलं. कपड्यांवरचे डाग काढायचं द्रव्य ते, पण स्वस्त. ओवा परत स्वयंपाकघरात गेला.

पुढच्या पिढ्या भराभर आल्या: पिपराझिन, थायाबेंडाझोल, मेबेंडाझोल, अल्बेंडाझोल. औषध इतकं स्वस्त आणि निर्धोक झालं की विष्ठा तपासण्याचा खर्च गोळीपेक्षा जास्त भरू लागला. मग तपासायचं कशाला, सगळ्यांनाच द्या, असा हिशेब निघाला. २००१मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने तो ठराव म्हणून मंजूर केला. केनियातल्या बुसिया भागातल्या ७५ शाळांच्या अभ्यासात गैरहजेरी पाव हिश्शाने घटल्याचं अर्थतज्ज्ञ क्रेमर आणि मिगेल यांनी २००४मध्ये मांडलं. त्याने या विचाराला बळ मिळालं. २०१५मध्ये फेरतपासणीत त्यांच्या आकडेमोडीत चुका सापडल्या आणि शेजारच्या शाळांनाही फायदा होतो हा दावा बराच आक्रसला. त्याआधी २०१३मध्ये उत्तर प्रदेशातल्या दहा लाख बालकांवरच्या चाचणीत गोळीने वजनात किंवा मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नव्हता. तरी २०१५च्या फेब्रुवारीत भारताने राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. पहिल्याच फेरीत महाराष्ट्र होता. ज्याच्या पोटात खरोखर जंत आहेत त्याला गोळी लागू पडते, यात वाद नाही, आणि इतक्या स्वस्त औषधासाठी पुरावा पुरा होईपर्यंत थांबणं मला पटत नाही.

पण गोळी पोटातले जंत मारते, अंगणातली अंडी नाही. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती ओल्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा गोळी. दक्षिण कोरियाने १९६९पासून वर्षातून दोनदा शाळकरी मुलांची विष्ठा तपासली आणि ज्यांच्यात अंडी दिसली त्यांनाच औषध दिलं. त्याच काळात शेतात सोनखताऐवजी रासायनिक खत आलं, घराघरांत संडास झाले; म्हणजे चरकाचा तिसरा उपाय, कारणच टाळणं. १९७१मध्ये तिथे निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात गोल जंत होते. १९९२मध्ये हजारात तिघांच्या. १९९५ला त्यांनी शाळेतली तपासणी बंद केली.