खलाशी उतरले, नाव निघाली

जहाज भाड्याने घेण्याची रीत जुनी आहे. पण भाड्याच्या जहाजाबरोबर सहसा तांडेल आणि खलाशीही यायचे. सुकाणू मालकाच्याच माणसाच्या हाती राहायचं. इंग्रजी कायद्यात याहून वेगळा एक करार आहे, 'बेअरबोट', म्हणजे नुसती नाव. त्यात ताबाच भाडेकरूकडे जातो. खलाशी त्याने आणायचे, पगार त्याने द्यायचा. मुदतीपुरता तोच जणू मालक.

हा व्यापारी जहाजांचा व्यवहार सुट्टीवर आलेल्या हौशी माणसापर्यंत कसा पोचला, ते आज आपण पाहू.

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक ब्रॉड्स आहेत. मध्ययुगात जळणासाठी पीट खणलं, ते खड्डे पुढे पाण्याने भरले आणि हे तलाव झाले. त्यांना जोडणाऱ्या नद्यांवर 'वेरी' नावाच्या मालवाहू नावा चालत. एकच मोठं काळं शीड, आणि चालवायला साधारण दोन माणसं. रेल्वे आली, माल घटला; तेव्हा काही वेरींत मालाच्या जागी बिछाने पडले आणि उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले. तांडेल मात्र बरोबर असायचाच.

पुढे लहान शिडाच्या नौका खलाशांशिवायही मिळू लागल्या. 1908 मध्ये हॅरी ब्लेक यांनी अशा नौका भाड्याने देणारी एजन्सी काढली.

आता प्रश्न असा, की तांडेल उतरला, पण त्याचं ज्ञान कुठे गेलं? काही पुस्तकात गेलं: ख्रिस्तोफर डेव्हिस यांची ब्रॉड्सची मार्गदर्शिका 1882 ची. काही नावेच्या बांधणीत गेलं: पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी करता येते, पॉटर हाइअमच्या ठेंगण्या पुलाशी तर करावीच लागते. बाकीचं शांत, उथळ पाण्याने सांभाळून घेतलं.

1969 मध्ये कॅरिबियनमधल्या टोर्टोला बेटावर चार्ली आणि जिनी कॅरी या दांपत्याने सहा नौकांवर 'द मूरिंग्ज' सुरू केली, तिथेही हेच दिसतं. बेटांच्या आडोशाचा समुद्र, नेमाने वाहणारा वारा, पुढचं बेट नजरेच्या टप्प्यात; आणि एकसारख्या बांधणीच्या फायबरग्लासच्या नौका. नवख्याला झेपेल अशी जागा आधी निवडली, मग नाव त्याच्या हाती दिली.

पण सगळंच ज्ञान असं हस्तांतरित होत नाही. आर्थर रॅन्सम यांच्या 1934 च्या 'कूट क्लब' कादंबरीत भाड्याच्या मोटरबोटीतली मंडळी पाणपक्ष्याच्या घरट्यावरच बोट लावतात. बोट त्यांच्या ताब्यात आहे, पाणी मात्र त्यांना कळलेलं नाही. 1949 मध्ये वेरी वाचवण्यासाठी ट्रस्ट स्थापन झाला, तोवर मालवाहू वेरी आणि त्यांचे तांडेल जवळजवळ संपलेच होते.

म्हणून या इतिहासाकडे नुसती स्वातंत्र्याची गोष्ट म्हणून पाहून चालत नाही. करारावर सही केली की नाव मिळते, जबाबदारी मिळते. तांडेलपण मात्र शिकावंच लागतं. आता प्रश्न घेऊ.