पैसा, फुटबॉल आणि आमची अंधेरी

आमच्या वीरा देसाई रोडवरच्या क्रीडासंकुलात मुंबई सिटीची मॅच असली की आझाद नगर मेट्रो स्टेशनपासूनच निळे टी-शर्ट दिसायला लागतात. ऑफिसातल्या क्रिकेटवेड्या मंडळींना मी दरवेळी सांगतो, की बाबांनो, आपल्याकडे फुटबॉलची लीग जिंकलेली टीम आहे. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "पैसा आहे रे त्यांच्याकडे, जिंकणारच!"

खरंच असं असतं का? चला, मुंबईच्याच क्लबांचा हिशेब मांडून बघू.

पूर्वी इथे फुटबॉलचा खर्च हा कंपनीच्या मोठ्या खर्चातला एक छोटासा कोपरा असायचा. एअर इंडियाची टीम होती, महिंद्राची होती. १९६२ साली सुरू झालेली महिंद्राची टीम २००० मध्ये 'महिंद्रा युनायटेड' झाली. डेरिक परेरा प्रशिक्षक, संघात बॅरेटोसारखा ब्राझिलियन, आणि २००५-०६ मध्ये थेट नॅशनल फुटबॉल लीगचं विजेतेपद! मुंबईच्या क्लबाने ते पहिल्यांदाच मिळवलं. पुढे २०१० मध्ये कंपनीने टीमच बंद केली, पैसा शालेय फुटबॉलकडे वळवायचा म्हणून. मी तेव्हा शाळेत होतो. टीम चांगली चालली असतानाही बंद होऊ शकते हे डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

दुसरी पद्धत काटकसरीची. एस्सेल समूहाने २००७ मध्ये मुंबई एफसी काढला. मोठी नावं फारशी नाहीत, खेळ बचावाचा, ध्येय एकच : खालच्या श्रेणीत जायचं नाही. महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला खालिद जमील २००९ मध्ये तिथे प्रशिक्षक झाला आणि सात वर्षं त्याने क्लबला तारून नेलं. २०१६ मध्ये क्लबने त्याला निरोप दिला.

आता गंमत बघा. खालिद गेला मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या मोसमात खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं होतं. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबई एफसीची जुनी पोरंही तिथे खेळली. एप्रिल २०१७ मध्ये आय-लीगच्या तक्त्यात ऐझॉल ३७ गुणांसह पहिला, मोहन बागान ३६ गुणांसह दुसरा... आणि मुंबई एफसी शेवटचा! त्यानंतर तो क्लबही बंद पडला.

तिसरी पद्धत आमच्या मुंबई सिटीची, पण सुरुवातीच्या काळातली. २०१४ मध्ये आनेल्का आणि लुंगबर्ग आणले. आठ संघांत नंबर सातवा. २०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीवर १ कोटी २० लाख लावले, सगळ्यात जास्त बोली. आनेल्का स्वतःच खेळाडू आणि मॅनेजर. नंबर सहावा. आमच्या भाषेत सांगायचं तर, स्टार डेव्हलपर घेतले पण आर्किटेक्चरचा पत्ता नाही :) २०१६ मध्ये फोर्लान आला, संघ अंधेरीत आला आणि साखळीत पहिलाही आला, पण उपांत्य फेरीत कोलकात्याने घरी पाठवलं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, ६५ टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, हे खरंच. पण तो वेगळ्या प्रकारे खर्च झाला. पुढच्याच वर्षी एफसी गोवाचा माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आला, आणि त्याच्या पद्धतीत मुरलेले फॉल, जाहू, बूमूस, मंदार राव देसाई हेही आले. सुट्या भागांऐवजी जुळलेलं यंत्रच उचलून आणलं म्हणा ना. २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. फायनलला बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल मारला, तोही कोविडमुळे रिकाम्या असलेल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमात. मुंबईचा विजय गोव्यात, आणि आम्ही घरात टीव्हीसमोर!

म्हणजे ऑफिसवाले अर्धे बरोबर. पैसा लागतोच. ऐझॉलला तो कमी पडला, म्हणून विजेतेपदानंतर खालिद ईस्ट बंगालला गेला आणि खेळाडूही पांगले. पण जिंकायला त्याआधी काय घ्यायचं हे कळावं लागतं. मुंबई एफसीकडे खालिद होताच की! त्याची किंमत कळली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तोच भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

उरलेली अर्धी गोष्ट मला जास्त टोचते. लीगच्या भवितव्याचाच घोळ झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिटी ग्रुपनेही आपला हिस्सा सोडला. महिंद्रा, मुंबई एफसी, आता हे. पद्धत शहाणी असो की वेडी, चेकवर सही करणारा उठून गेला की आपण प्रेक्षक काहीच करू शकत नाही. जर्मनीत बहुतेक क्लबांत सभासदांकडे बहुमत राहील असा नियम आहे. आपल्याकडे तिकीट काढणाऱ्याला मत नाही.

असो. मी तिकीट काढणं सोडणार नाही. वीरा देसाई रोडवर निळे टी-शर्ट दिसले की पाय आपोआप तिकडे वळतात, त्याला काय करणार?